इंजिन निर्दोष आहे

शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन दोनदा गरम झालं, एकदा काळा धूर ओकलं आणि बंदरात शिरता शिरता बंद पडलं, की धक्क्यावर सल्लागारांचा तुटवडा नसतो. निदान ठरलेलं असतं: इंजिन म्हातारं झालंय, त्याच्यावर पैसे घालू नका, उपसून काढा आणि नवीन बसवा. हे सांगणाऱ्याने बहुधा इंजिनावरचं झाकणही उचलून पाहिलेलं नसतं. तरी सल्ला पटतो, कारण तो सुटसुटीत आहे. जुनं गेलं, नवं आलं, कटकट मिटली.

ती मिटत नाही. दोन-तीन वर्षं गप्प बसते आणि मग नव्या इंजिनावर नव्याने सुरू होते. नवीन इंजिनाशी माझं वैर नाही. जुन्या लोखंडाच्या प्रेमात पडलेली माणसंही मला तितकीच कंटाळवाणी वाटतात. पण बोटीतलं इंजिन बदलणं हा आज निदान टाळण्याचा सगळ्यात महागडा मार्ग होऊन बसला आहे आणि त्याला शहाणपणा म्हणून मिरवलं जातंय, तेव्हा त्याच्या बाजूने दिली जाणारी कारणं एकदा उलटीपालटी करून पाहायला हवीत.

हवेत बोलायला नको म्हणून एक बोट घेऊ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन इथे जेरेमी रॉजर्स यांच्या यार्डात १९७० च्या दशकापासून कॉन्टेसा ३२ नावाच्या बोटी बांधल्या गेल्या, सातशेहून जास्त. १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचे बळी घेतले, त्या शर्यतीत सगळ्यात लहान बोटींच्या गटातून शेवटपर्यंत पोचलेली एकमेव बोट म्हणजे 'असेंट' नावाची कॉन्टेसा ३२. या जातीच्या कितीतरी बोटींत डेन्मार्कच्या बुख कंपनीचं डीव्ही २० बसवलेलं असे. दोन सिलिंडर, वीस अश्वशक्ती, वजन दोनशे किलोंच्या आसपास. बुखची याच घराण्यातली इंजिनं मोठ्या जहाजांच्या लाइफबोटींत वापरली जातात, म्हणजे जिथे पहिल्याच झटक्यात सुरू होण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात तिथे. आता या बोटी चाळिशी-पन्नाशीच्या झाल्या आणि त्यांच्या मालकांना इंजिन बदलायचे सल्ले मिळू लागले. यानमार, व्होल्व्हो पेंटा, पर्किन्स अशी इंजिनं असलेल्या त्याच पिढीच्या हजारो बोटींची हीच कथा आहे. आपल्याकडे गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौदलाच्या बोटींमुळे शिडाच्या बोटींचं वेड हळूहळू पसरतंय, तेव्हा जुनी बोट विकत घेणाऱ्या मराठी माणसाच्या कानावरही हा सल्ला आज ना उद्या पडणारच.

सल्ल्यामागचं सगळ्यात वजनदार कारण सुरक्षिततेचं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नौका चालवणाऱ्या आरएनएलआय या संस्थेच्या नोंदींत, हौशी बोटींच्या मदतीच्या हाकांमागे यंत्रबिघाड हे कारण वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकांत असतं. नव्या इंजिनाचे समर्थक हीच नोंद पुढे करतात. नोंद खरी आहे, तिच्यावरून काढलेलं अनुमान खोटं आहे. यंत्रबिघाड या शब्दात काय काय मावतं ते पाहा: डिझेलचा फिल्टर तुंबला, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर फाटला, बोट ढकलणाऱ्या पंख्यात दोर किंवा जाळं अडकलं, बॅटरी उतरली, टाकीतलं तेलच संपलं. यातल्या एकाही प्रसंगात पिस्टनचा, क्रँकचा किंवा हेडचा काही संबंध नाही. बिघाड इंजिनाच्या आजूबाजूला झालेला असतो आणि कागदावर नाव इंजिनाचं लागतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे नीट कळायचं तर पाण्याचा रस्ता बघावा लागतो. मोटारीच्या इंजिनाला वारा थंड करतो. बोटीच्या इंजिनाला समुद्र. तळाजवळच्या सी-कॉक नावाच्या तोटीतून खारं पाणी आत येतं, जाळीतून गाळलं जातं, इम्पेलर ते पुढे ढकलतो, ते उष्णता घेतं आणि शेवटी धुराच्या वाटेवर एका वाकड्या लोखंडी तुकड्यात गरम धुराला जाऊन मिळतं. हा तुकडा म्हणजे एल्बो. तिथून धूर आणि पाणी एकत्र रबरी पाइपातून बोटीच्या मागे बाहेर पडतात. तापलेलं लोखंड, मीठ, पाणी आणि काजळी हे चौघे एकत्र नांदणारी बोटीतली ही एकमेव जागा, त्यामुळे एल्बो आतून तुंबतो आणि बाहेरून कुजतो. तो तुंबला की धूर कोंडतो. धूर कोंडला की नवी हवा पुरेशी आत येत नाही. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. पाणीही कमी जातं, इंजिन तापतं, ओढत नाही. पाहणारा म्हणतो, इंजिन संपलं. प्रत्यक्षात वीतभर लांबीचा एक पाइप संपलेला असतो, आणि तो चार बोल्ट काढून बदलता येतो.

यात एक मोठी फसगत दडलेली आहे. नव्या इंजिनाबरोबर नवा एल्बो येतो. नवा इम्पेलर, नवा उष्णता-विनिमयक, नवे फिल्टर, नवे होजपाइपही येतात. म्हणून अदलाबदल केल्यावर गरम होणं थांबतं, धूर थांबतो आणि मालक धक्क्यावर सांगत फिरतो की बघा, इंजिनच खराब होतं. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्यावर अकराव्या गोष्टीला श्रेय द्यायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. पुढच्या मालकाला मात्र हीच साक्ष ऐकवली जाते आणि सल्ला आणखी बळावतो.

आणि जे बदललं जात नाही त्याचं काय? सी-कॉकच्या तोंडात वाढलेली बार्नेकलं तिथेच असतात. बाहेरून धडधाकट दिसणारा, पण आतला थर सुटून फुगलेला धुराचा रबरी पाइप तिथेच असतो. तेलाची टाकी तीच, बॅटरीच्या गंजलेल्या तारा त्याच, शाफ्ट तोच. भाडेकरू बदलल्याने छपराची गळती थांबत नाही.

यातला सगळ्यात घातकी भाग दिसायला फडतूस आहे. पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा तिच्या अगदी जवळ खारं पाणी एल्बोत सोडलेलं असेल, तर पाइपाला उंचावर वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा घेणारी एक छोटी झडप लावावी लागते. काम एवढंच, की इंजिन बंद झाल्यावर पाण्याची धार तोडायची, नाहीतर समुद्र आपल्या आपण आत झिरपत राहतो. या झडपेत मीठ साचतं आणि ती चिकटते. मग रात्रभरात पाणी धुराच्या डब्यात भरतं, तिथून वर चढतं आणि उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दबते, पाणी दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन सुरू होत नसताना सी-कॉक उघडा ठेवून स्टार्टर मारत राहिलं तरी हेच होतं, कारण पंप पाणी ढकलत असतो आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. अशा रीतीने मेलेल्या इंजिनाच्या जागी नवं इंजिन आणून त्याच चिकटलेल्या झडपेला जोडणारे लोक आहेत. वॉरंटीचा माणूस येतो, सिलिंडरमधलं मीठ बघतो आणि एक शब्द न बोलता वही मिटतो.

तेलाची गोष्टही अशीच. युरोपात पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं आणि ते हवेतली ओल धरून ठेवतं. टाकीच्या तळाशी पाणी जमतं आणि पाणी व तेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात. काळपट, शेवाळासारखा चिकट गाळ तयार होतो. बंदरात बोट शांत उभी असते तेव्हा गाळही तळाशी शांत बसतो. बाहेर लाटा लागल्या, बोट हेलकावे खायला लागली, की तो ढवळून निघतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून ही इंजिनं नेमकी वाईट हवेत, नेमकी खडकांजवळ बंद पडतात. लोकांना त्यात इंजिनाचा दगा दिसतो. टाकीला झाकण पाडून ती आतून पुसायचं काम दोन दिवसांचं, घाण आणि डोकं उठवणाऱ्या वासाचं आहे; पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही. नवं इंजिन दाखवता येतं.

शिवाय वापराचा प्रश्न आहे. शिडाच्या बोटीचं इंजिन झिजून मरत नाही, बसून मरतं. नीट राखलेलं छोटं सागरी डिझेल काही हजार तास सहज काम देतं, आणि हौशी बोटीचं इंजिन वर्षाकाठी शंभरेक तास चाललं तरी खूप. म्हणजे हिशेबाने चाळीस वर्षांच्या इंजिनातही आयुष्य शिल्लक असायला हवं. ते नसतं, कारण त्या शंभर तासांतला बराच वेळ इंजिन नांगरावर उभ्या बोटीत बॅटरी भरण्यासाठी मंद गतीवर, थंड, बिनओझ्याने खडखडत असतं. डिझेलला हे मानवत नाही. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत, काजळी साचते, इंजिन तेल खायला लागतं. आपल्याकडचा कोळी नाखवा इंजिनाला दिवसरात्र राबवतो आणि पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा ते खोलून बघतो. हौशी मालक याच्या बरोबर उलट करतो: राबवतही नाही आणि खोलतही नाही. याच मालकाच्या हाती नवं इंजिन दिलं तर त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बरं, इंजिन बदलायचं ठरलं असं धरून चालू. "जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे," असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग जरा लांब होईल.

कित्येक बोटींत इंजिन आधी ठेवलं गेलं आणि डेक त्यानंतर वर बसवलं गेलं. बाहेर यायला वाट एकच, केबिनमध्ये उतरायचं दार. दोनशे किलोंचा लोखंडी गोळा तिथून काढायचा, तर आधी गिअरबॉक्स, स्टार्टर, आल्टरनेटर, जमलं तर हेडसुद्धा सुटं करावं लागतं. बंदरात क्रेन नसेल तर बूमचा, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा, आधार घेतात. पण बूम मधोमध भार सोसायला बनवलेला नसतो, म्हणून जिथे चेन ब्लॉक टांगला नेमक्या त्याच ठिकाणी त्याला मुख्य शिड चढवायच्या दोराने, हॅलयार्डने, वरून ताणून धरावं लागतं. शिडाच्या दोरीच्या कप्प्यांवर इंजिन उचलू पाहणारे धाडसी लोकही असतात. दोर हातातून निसटला की थांबवायला काही नसतं, आणि शेजारून एखादी मोटरबोट जोरात गेली की अधांतरी इंजिन लंबकासारखं स्वयंपाकाच्या ओट्यावर झुलायला लागतं. इतकं करून इंजिन बाहेर आलं की खरं दृश्य दिसतं: बैठक. फायबरग्लासमध्ये गुंडाळलेल्या लाकडी तुळयांत पन्नास वर्षांचं तेल आणि पाणी मुरलेलं असतं, स्क्रू हाताने फिरतात. नव्या इंजिनाचे पाय जुन्याच्या मापाचे क्वचितच असतात. बीटा मरीनसारखे उत्पादक जुन्या बैठकीच्या मापाचे पाय बनवून देतात, ते चांगलंच करतात, पण कुजलेल्या लाकडावर मापाचा पाय ठेवून काय मिळवायचं?

पुढे शाफ्ट. जुना इंचात, नवं कपलिंग मिलिमीटरमध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्या शून्य दशांश चारसाठी लेथवाल्याकडे चकरा. त्याच्याही पुढे पंखा. जुनं इंजिन पंखा डावीकडे फिरवत असेल आणि नवं उजवीकडे, तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जाते. काही गिअरबॉक्स दोन्ही दिशांनी कायम चालवता येतात, सगळे नाही. दिशा जुळली तरी वेग जुळत नाही. बुखचं इंजिन पूर्ण ताकदीला मिनिटाला ३,००० फेरे घेतं, यानमारची छोटी इंजिनं ३,६०० घेतात. गिअरचं प्रमाण वेगळं, म्हणजे पंख्याचा व्यास आणि पिच वेगळा हवा, आणि व्यास वाढवायला तळाखाली जागा नसते. जुनाच पंखा ठेवला आणि तो जड पडला, तर नवं इंजिन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही, दमतं, आणि काळा धूर सोडायला लागतं. कोरं करकरीत इंजिन, तोच धूर.

शेवटी रेघ जुळवणं. इंजिनाचा आणि शाफ्टचा फ्लँज समोरासमोर आणून त्यांच्यातली फट फीलर गेजने चारी अंगांनी मोजायची. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा. बोट जमिनीवर टेकूंवर उभी असताना केलेलं मोजमाप कच्चं, कारण पाण्यात गेल्यावर तिचा आकार किंचित बदलतो. टाक्या भरून, डोलकाठीच्या तारा नेहमीच्या ताणाला आवळून, बोट पाण्यात थोडी स्थिरावली की पुन्हा मोजायचं. पुष्कळ ठिकाणी हे दुसरं मोजमाप होतच नाही. यार्डातून बोट उतरते, बिल दिलं जातं, आणि काही महिन्यांनी बेअरिंग खाल्लं जातं, सील गळायला लागतो, सगळी केबिन थरथरते. दोष पुन्हा इंजिनाचा.

हे सगळं धरलं तर काम नीट करून घेण्याचा खर्च इंजिनाच्या किमतीइतका, कधी त्याहून जास्त होतो. ब्रिटनमध्ये असं पूर्ण काम दहा हजार पौंडांच्या वर सहज जातं. आपल्या पैशांत दहा लाखांहून अधिक.

इथे सल्लागार दुसरा पत्ता टाकतात: इतका खर्च होणारच आहे, तर जरा मोठं टाका, वीसच्या जागी तीस. हा पत्ता सगळ्यात हास्यास्पद आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. साधारण तेवढे नॉट. कॉन्टेसाची पाण्यातली लांबी २४ फूट, म्हणजे साडेसहा नॉट. त्या वेगाजवळ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसते. आणखी ताकद लावली की शेपूट बुडतं आणि लाट मोठी होते. समोरून वारा आणि लाट असेल तेव्हा राखीव ताकद हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण तिच्यासाठी दर टनाला चार ते पाच अश्वशक्ती पुरते, हा जुना ठोकताळा आहे; कॉन्टेसाचं वजन सव्वाचार टनांच्या थोडं वर, हिशेब वीसवर येतो. मूळ आराखडा करणाऱ्यांना गणित येत होतं. तीसचं इंजिन अशा बोटीत बहुतेक वेळ कमी ओझ्यावर चालतं, आणि कमी ओझ्यावर चालणाऱ्या डिझेलची दशा वर सांगून झाली.

"सुटे भाग मिळत नाहीत" हे कारण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. काही इंजिनांच्या बाबतीत ते खरं आहे. तरी आधी एक गोष्ट तपासावी: छोटी सागरी इंजिनं क्वचितच समुद्रासाठी जन्मलेली असतात. बीटा आणि नान्नी यांच्या छोट्या इंजिनांचा गाभा कुबोटाचा, म्हणजे आपल्याकडे फळबागांतून फिरणारे छोटे ट्रॅक्टर बनवते त्याच कंपनीचा. सोलेच्या छोट्या इंजिनांचा गाभा मित्सुबिशीचा. पर्किन्स ४.१०८ व्हॅनमध्ये, फोर्कलिफ्टमध्ये, ट्रॅक्टरमध्ये चाललं. गाभ्याच्या रिंगा, बेअरिंगं, सील, गॅस्केट नंबर सांगितला तर अजूनही मिळतात. महाग असतो तो समुद्रासाठी केलेला वरचा साज. अमेरिकेतलं अ‍ॅटॉमिक ४ तर डिझेलसुद्धा नव्हे, पेट्रोलचं. १९४७ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे चाळीस हजार बनली आणि त्यांचे भाग आजही विकले जातात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीवर बोट उडू शकते. एवढ्यासाठी कुणी अ‍ॅटॉमिक ४ काढून डिझेल बसवत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण मग कारण वाफ आहे, वय नाही.

भागांच्या या वादात नव्याची बाजू घेणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालू राहायला विजेची गरज नसते. डीव्ही २० सारख्या इंजिनाला हँडल मारूनही सुरू करता येतं. त्यातला नोझल दीड-दोनशे बारला उघडतो आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पंप-नोझल टेस्टिंगचं दुकान चालवणारा माणूस तो तपासून देऊ शकतो. यानमारच्या ३जेएच४० सारख्या आताच्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारच्या पुष्कळ वर असतो आणि सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती. ती शांत आहेत, स्वच्छ जळतात, यात वाद नाही. पण त्यांना घाणेरडं तेल जराही चालत नाही, म्हणजे ज्या टाकीने जुन्या इंजिनाला छळलं तिच्याशी यांचं त्याहून वाईट जमणार. सगळी नवी इंजिनं अशी नाहीत. छोट्यांपैकी बरीच अजून यांत्रिकच आहेत. निवडताना हे कुणी विचारत नाही, इतकंच.

आता विजेचं. डिझेल काढून मोटर आणि लिथियमच्या बॅटऱ्या बसवा, असं सांगणारा नवा पंथ उत्साही आहे आणि त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते; छोट्या इंजिनाने पाऊण वाया घालवली तरी अडीच शाफ्टला मिळतात. ५० लिटरच्या टाकीतून सव्वाशे. तेवढ्या बॅटऱ्यांचं वजन टनाच्या घरात जाईल, म्हणून लोक १०-१५ किलोवॅट-तासांवर भागवतात. पाच नॉटने जायला पाच किलोवॅट धरले तर दोन-तीन तास. वेग साडेतीनवर आणला की हाच साठा दुप्पट-तिप्पट पुरतो, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाने घटते. मांडवीतून निघून दुपारभर शिडं लावून संध्याकाळी परतणाऱ्याला हे उत्तम. बिस्केच्या उपसागरात दोन दिवस वारा पडला तर उत्तम नाही. ज्याला आपला वापर ठाऊक आहे त्याने खुशाल मोटर बसवावी. माझं भांडण त्याच्याशी नाही. तो निदान किती मैल, किती तास हा प्रश्न तरी विचारतो, डिझेल बदलणाऱ्याला तोही पडत नाही.

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने आपल्या दोन बोटींतून इंजिनाशिवाय जग पालथं घातलं, हे मला नेहमी ऐकवलं जातं. त्यांचं कौशल्य वादातीत. गजबजलेल्या मरिनात इतरांच्या बोटींच्या मधून वाट काढणाऱ्या रविवारच्या दर्यावर्दीला त्यांचा दाखला देऊ नये.

मग इंजिन कधी बदलावं? ब्लॉकला तडा गेला असेल तेव्हा. खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या जुन्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटा गंजून आरपार झाल्या असतील तेव्हा. क्रँक मोडला असेल, किंवा खरोखरच भाग कुठेही मिळत नसतील तेव्हा. पण हे ठरवण्याआधी काही तपासण्या झालेल्या असाव्यात, आणि त्या दिवसभरात होतात. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. साधारण २५ ते ३० बार आणि सगळ्या सिलिंडरांत जवळपास सारखं असेल तर गाभा जिवंत आहे. नोझल टेस्टिंगला द्यावेत. एल्बो काढून आत बोट घालून पाहावं. पंखा खरवडावा, कारण बार्नेकलांनी भरलेला पंखाही इंजिनाला दमवतो आणि काळा धूर काढायला लावतो. धुराचा रंग बघावा: निळा म्हणजे इंजिन-तेल जळतंय, पांढरा आणि विरणारा म्हणजे वाफ, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. किर्लोस्करच्या इंजिनावर विहीर उपसलेल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं ठाऊक असतं. त्याने लायनर-पिस्टनचा संच बदलून तेच इंजिन पुन्हा पुन्हा उभं केलेलं असतं. लाखोंच्या बोटीचा मालक मात्र कॉम्प्रेशनचा आकडा न विचारता नव्या इंजिनाची आगाऊ रक्कम भरून मोकळा होतो.

राहिला मनःशांतीचा मुद्दा. नवीन इंजिन असलं की झोप लागते, बोट विकताना किंमत येते, असं म्हणतात. विक्रीच्या जाहिरातीत नव्या इंजिनाचा उल्लेख शोभतो हे खरं. पण त्यावर घातलेला सगळा पैसा किमतीत परत मिळतो असं कुणी समजू नये. झोपेबद्दल बोलायचं तर ती ज्याची त्याची. ज्याला आपल्या बोटीतली पाण्याची वाट, तेलाची वाट आणि झडपेची जागा ठाऊक आहे तो जुन्या बुखवरही झोपतो.

इंजिन बदलून देणाऱ्यांचा या सल्ल्यात स्वार्थ आहे असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि तपासणीचे पैसे द्यायला मालकच तयार नसतो. फक्त त्यांच्या यार्डाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारावी. तिथे लाकडी फळीवर, ताडपत्रीखाली, काढून ठेवलेली जुनी इंजिनं दिसतात. पुढच्या आठवड्यात त्यांतल्याच एखाद्याची जाहिरात लागते: बोटीतून काढेपर्यंत उत्तम चालू, एल्बो बदलणे आवश्यक.